सामाजिक शास्त्रांतील संशोधकाने पाठबळ कुठे शोधावे आणि सहकार्य कसे जमवावे

प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापकांची स्थिती थोडक्यात अशी आहे. पीएचडी पूर्ण होऊन काही वर्षे झाली आहेत, अध्यापनाचा भार मोठा आहे, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे शिक्षण या त्यांच्या विषयावर काम करणारे विभागात दुसरे कोणी नाही, निधीसाठी केलेले दोन अर्ज नाकारले गेले आहेत, आणि आता दुसऱ्या देशातील एका मोठ्या संशोधनगटाने ‘क्षेत्रीय भागीदार’ म्हणून सामील होण्याची विचारणा केली आहे. विद्यापीठातील सामाजिक शास्त्रांच्या संशोधकाला कोणकोणते पाठबळ मिळू शकते आणि हे निमंत्रण स्वीकारावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात दडलेले आहे, म्हणून आधी पाठबळाविषयी लिहितो. निधी-समित्यांवर परीक्षक म्हणून आणि अनेक संयुक्त प्रकल्पांत सहकारी म्हणून काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्या संशोधकाच्या हाती स्वतःचे काम आधीच सुरू असते त्यालाच निधीही लवकर मिळतो आणि सहकार्याच्या अटींवर बोलण्याची ताकदही त्याच्याकडे असते. त्यामुळे पाठबळ शोधताना पहिला शोध पैशाचा नसावा. पैशाशिवाय किंवा अगदी थोड्या पैशात आपले काम पुढे नेईल असे पाठबळ कोणते, याचा शोध आधी घ्यावा.

असे सर्वांत मोठे पाठबळ म्हणजे इतरांनी गोळा करून, नीट नोंदवून, संशोधकांसाठी खुले ठेवलेले माहितीसंच. मिशिगन विद्यापीठातील आयसीपीएसआर हे माहितीसंचांचे संग्रहालय १९६२ पासून आणि एसेक्स विद्यापीठातील यूके डेटा आर्काइव्ह १९६७ पासून हे काम करत आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स या उपक्रमात शंभराहून अधिक देशांच्या जनगणनांचे नमुने एकसारख्या संकेतांकांत आणून ठेवलेले आहेत आणि नोंदणी करून संशोधनासाठी ते विनामूल्य मिळतात. लोकांची मूल्ये आणि मते यांविषयी वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून माहिती देत आला आहे, तर युरोपियन सोशल सर्व्हे २००२ पासून दर दोन वर्षांनी. मुलांविषयी काम करणाऱ्याने ऑक्सफर्डमधून चालणारा यंग लाइव्ह्ज हा अभ्यास तर पाहायलाच हवा. इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांतील सुमारे १२,००० मुलांचा मागोवा त्यात २००१ पासून घेतला गेला असून त्याचे माहितीसंच संशोधकांना उपलब्ध आहेत. गुणात्मक संशोधन, म्हणजे मुलाखती आणि निरीक्षणांवर आधारलेले काम, करणाऱ्यांना वाटते की संग्रहालये फक्त आकडेवाल्यांसाठी असतात, तसे नाही. एसेक्सच्या संग्रहात जुन्या मुलाखतींची शब्दांकने आहेत आणि सिराक्यूज विद्यापीठात केवळ गुणात्मक सामग्रीसाठी वेगळे भांडार आहे.

आपल्याच विषयात हे कसे उपयोगी पडते ते जरा बारकाईने पाहू. जनगणनेच्या नमुन्यात व्यक्तीचे वय, शाळेत जाते की नाही, आणि कित्येक देशांत ‘पाच वर्षांपूर्वी कुठे राहत होता’ हे विचारलेले असते. या तीन रकान्यांवरून स्थलांतरित आणि स्थायिक कुटुंबांतील मुलांच्या शाळेतील उपस्थितीची पहिली तुलना करता येते. मात्र तक्ता काढण्याआधी कोडबुक, म्हणजे माहितीसंचातील प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका, उघडावे लागते. ‘माहीत नाही’ या उत्तराला ९ किंवा ९९ असा आकडा दिलेला असतो आणि तो वगळला नाही तर सरासरी बिघडते. प्रत्येक नोंदीला भारांक, म्हणजे ती नोंद लोकसंख्येतील किती जणांच्या वतीने धरायची हे सांगणारा आकडा, दिलेला असतो आणि तो वापरला नाही तर नमुना लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करत नाही. हे सगळे नीट केल्यावरही एक गोष्ट ध्यानात येते: जे कुटुंब दरवर्षी काही महिने कामासाठी बाहेर जाते आणि परत येते, त्याने पाच वर्षांपूर्वीचे राहण्याचे ठिकाण आजचेच सांगितलेले असते. अशा कुटुंबातील मूल माहितीसंचात ‘स्थायिक’ म्हणून बसते. वर्षातले चार महिने शाळेबाहेर असलेले मूल अशा तक्त्यांत स्थायिक ठरते, हा शोध आपल्याला घरबसल्या, एक पैसाही न खर्चता लागू शकतो, आणि क्षेत्रकार्यासाठी निधी का हवा याचे इतके भक्कम उत्तर दुसरे कोणतेही नाही. पुढच्या अर्जाचे पहिले पान याच तक्त्यावर उभे राहावे.

या संग्रहालयांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. माहितीसंच खुला असतो तेव्हा त्याचा खर्च कोणीतरी उचलत असते. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज हा लोकसंख्या आणि आरोग्याच्या सर्वेक्षणांचा उपक्रम १९८४ पासून अमेरिकी सरकारच्या मदतीवर चालला, नव्वदहून अधिक देशांत त्याची सर्वेक्षणे झाली, आणि २०२५ मध्ये ती मदत थांबवली गेली तेव्हा अनेकांचे काम अधांतरी राहिले. म्हणून आपण वापरत असलेल्या माहितीसंचाचे कोडबुक, प्रश्नावली आणि परवान्याच्या अटी स्वतःकडे जपून ठेवाव्यात, आणि लेखात त्या संचाचा उल्लेख त्याच्या अधिकृत नोंदक्रमांकासह करावा. संग्रहालये आपल्या निधीदात्यांना अशा उल्लेखांच्या आधारेच आपली उपयुक्तता दाखवत असतात. आपला एक नीट दिलेला संदर्भ हे त्यांना आपण दिलेले पाठबळच आहे.

विद्यापीठाच्या आत काय मिळते, हे पुष्कळ प्राध्यापकांनी कधी तपासलेलेच नसते. संख्याशास्त्र विभागातील एखादा सहकारी नमुन्याचा आकार ठरवायला तासभर देऊ शकतो. भूगोल विभागात क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे साधन वापरणारे कोणी असतेच. भाषाशास्त्र विभागातील विद्यार्थी बोलींतील मुलाखतींच्या शब्दांकनात आपल्यापेक्षा अधिक कुशल असतात. ग्रंथपालांकडे पूर्वसंशोधनाचा पद्धतशीर शोध घेण्याचे कौशल्य असते आणि त्यांना असे काम क्वचितच कोणी सांगते. साधनांसाठीही आता मोठा खर्च करण्याचे कारण उरलेले नाही: आकडेमोडीसाठी आर, संदर्भांसाठी झोटेरो, मुलाखतींच्या संकेतनासाठी, म्हणजे मजकुरातील मुद्द्यांना खुणा देण्यासाठी, टॅगेट ही साधने विनामूल्य आहेत, आणि मोबाइलवर प्रश्नावली भरून घेण्यासाठी कोबो टूलबॉक्सची मर्यादित विनामूल्य सोय आहे.

संशोधनात सहभागी होणाऱ्यांच्या हिताच्या दृष्टीने प्रस्ताव तपासणाऱ्या विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे मात्र लवकर जावे. अनेक विद्यापीठांत या समित्यांचे अर्ज वैद्यकीय संशोधन डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेले आहेत. त्यांत लेखी संमती, सही, साक्षीदार असे रकाने असतात. ज्या आईवडिलांना कागदावर सही करण्याचीच भीती वाटते, त्यांच्याकडून तोंडी संमती घेऊन ती ध्वनिमुद्रित करणे अधिक योग्य असते, आणि मुलांशी बोलायचे असेल तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही हवा. समिती हे समजून घेते, पण तिला समजावून सांगायला वेळ लागतो. तिची मंजुरी हाती असली की निधीदात्याच्या दृष्टीने आपला प्रस्ताव एक पायरी पुढे सरकलेला असतो.

अध्यापनाचा भार हा पूर्णपणे अडथळाच असतो, हे मला मान्य नाही. संशोधनपद्धती शिकवताना वर दिलेल्या माहितीसंचांपैकी एकावर वर्गाकडून काम करून घेतले तर विद्यार्थी खऱ्या सामग्रीवर शिकतात आणि शिक्षकाचाही त्या संचावर हात बसतो. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: गुणांच्या बदल्यात विद्यार्थ्यांना आपल्या प्रकल्पाचे बिनपगारी अन्वेषक करू नये, आणि त्यांनी केलेले काम लेखात वापरले तर त्यांचे नाव यावे.

आता निधी. अनेक देशांत सामाजिक शास्त्रांसाठी स्वतंत्र परिषद आहे. भारतात १९६९ मध्ये आयसीएसएसआर स्थापन झाली. ब्रिटनमधील ईएसआरसी १९६५ पासूनची आहे. अमेरिकेतील एसएसआरसी १९२३ पासून काम करते. लॅटिन अमेरिकेतील संस्थांसाठी १९६७ मध्ये सुरू झालेली क्लॅक्सो आणि आफ्रिकेतील संशोधकांसाठी १९७३ मध्ये डाकारला सुरू झालेली कोडेस्रिया या प्रादेशिक परिषदा छोट्या गटांना, तरुण संशोधकांना आणि प्रशिक्षणवर्गांना मदत करतात. याशिवाय विषयवार प्रतिष्ठाने आहेत. मानववंशशास्त्रासाठी १९४१ मध्ये स्थापन झालेले वेनर-ग्रेन फाउंडेशन राष्ट्रीयत्व न पाहता क्षेत्रकार्याला अनुदान देते. युरोपियन रिसर्च कौन्सिलची मोठी अनुदानेही कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या संशोधकाला खुली आहेत, पण त्यासाठी युरोपातील किंवा सहयोगी देशांतील संस्था यजमान असावी लागते. आपल्या आजच्या टप्प्यावर मी त्या दिशेला पाहणार नाही. आपल्याला प्रथम हवा आहे तो लहान निधी: विद्यापीठाचा स्वतःचा प्रारंभिक निधी, राष्ट्रीय परिषदेचा लघुप्रकल्प, किंवा एखाद्या विषयसंघटनेचे प्रवास-अनुदान. लहान निधीचा हिशेब वेळेवर आणि स्वच्छ देणाऱ्या संशोधकाकडे समित्या पुढच्या वेळी वेगळ्या नजरेने पाहतात.

नाकारलेल्या दोन अर्जांविषयी. परीक्षकांचे शेरे मिळाले नसतील तर ते नम्रपणे मागावेत. बऱ्याच संस्था मागितल्यावर देतात. माझ्या अनुभवात अर्ज पडण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण विषयाचा हलकेपणा हे नसते. प्रश्न इतका रुंद असतो की कोणत्याही पद्धतीने त्याचे उत्तर मिळणार नाही, आणि पद्धतीचा व अंदाजपत्रकाचा एकमेकांशी संबंध नसतो. परीक्षक बहुधा सारांश वाचून थेट अंदाजपत्रकाकडे जातो, कारण संशोधकाला काम खरोखर माहीत आहे की नाही हे तिथे उघड होते.

उदाहरण घ्या. ४० कुटुंबांच्या प्रत्येकी दीड तासाच्या मुलाखती, असे अर्जात लिहिलेले असते. म्हणजे ६० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. सवयीच्या माणसालाही एका तासाच्या बोलण्याचे शब्दांकन करायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे २४० ते ३६० तासांचे काम. दिवसाला सहा तास धरले तर चाळीस ते साठ कामाचे दिवस झाले. घरात एकाच वेळी चौघे बोलत असतील, बोली वेगळी असेल, किंवा मागे यंत्राचा आवाज असेल, तर वेळ आणखी वाढतो. भाषांतर करायचे असेल तर त्याचा हिशेब वेगळा. ज्या अर्जात शब्दांकनासाठी रकमेचा रकानाच नसतो आणि वेळापत्रकात पंधरा दिवस दाखवलेले असतात, तो अर्ज लिहिणाऱ्याने आधी हे काम केलेले नाही असा निष्कर्ष परीक्षक काढतो. यंत्राकडून शब्दांकन करून घेतल्यास वेळ वाचतो, परंतु बोलींच्या बाबतीत प्रत्येक ओळ ऐकून तपासावी लागते, आणि मुलांचे आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणे हे घेतलेल्या संमतीत बसते का, याचेही उत्तर अर्जात द्यावे लागते.

अंदाजपत्रकातच आणखी एक रकाना मी आवर्जून पाहतो, तो क्षेत्र-अन्वेषकांच्या मानधनाचा. ज्यांच्या ओळखीवर आणि विश्वासावर सगळी सामग्री उभी राहणार असते, त्यांना दिवसाच्या हिशेबाने तुटपुंजे मानधन आणि प्रवासाचा खर्च शून्य, असे दिसले की प्रकल्पाच्या गुणवत्तेविषयीच शंका येते. त्यांचे प्रशिक्षण, प्रवास, विश्रांतीचा दिवस आणि सुरक्षिततेची व्यवस्था या खर्चाच्या खऱ्या बाबी आहेत आणि त्या मागायला संकोच करू नये.

वेळ हेही पाठबळच आहे, आणि काही संस्था केवळ वेळच देतात. कॅलिफोर्नियात १९५४ मध्ये सुरू झालेले वर्तनशास्त्रांच्या प्रगत अभ्यासाचे केंद्र आणि नेदरलँड्समध्ये १९७० मध्ये सुरू झालेली प्रगत अभ्याससंस्था अशा ठिकाणी संशोधकाला काही महिने अध्यापनातून मोकळे करून लिहायला बसवतात. भौतिकशास्त्राकडून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेले थॉमस कुन १९५८–५९ मध्ये कॅलिफोर्नियातील या केंद्रात सामाजिक शास्त्रज्ञांच्या सहवासात होते. मूलभूत प्रश्नांवरच त्यांच्यात चालणारे मतभेद पाहून नैसर्गिक विज्ञानांशी त्यांचा फरक कुठे आहे याचा विचार त्यांनी सुरू केला आणि त्यातून ‘पॅराडाइम’ची, म्हणजे एखाद्या शास्त्रातील सर्वांनी गृहीत धरलेल्या समान चौकटीची, त्यांची कल्पना आकाराला आली. जर्मनीतील हुम्बोल्ट फाउंडेशनच्या संशोधन-अधिछात्रवृत्त्या सर्व विषयांना आणि सर्व राष्ट्रीयत्वांना खुल्या आहेत, मात्र यजमान प्राध्यापकाचे होकारपत्र आधी मिळवावे लागते. ते पत्र अनोळखी माणसाला मिळत नाही, आणि इथेच सहकार्याचा प्रश्न सुरू होतो.

सहकारी कुठे भेटतात? मोठ्या परिषदेच्या मुख्य सभागृहात ते सहसा भेटत नाहीत. इंटरनॅशनल सोशिऑलॉजिकल असोसिएशन ही १९४९ मध्ये स्थापन झालेली संघटना पन्नासहून अधिक संशोधन समित्यांमधून चालते. शिक्षणाच्या समाजशास्त्राची वेगळी समिती आहे आणि स्थलांतराच्या समाजशास्त्राचीही वेगळी. आपला विषय नेमका या दोहोंच्या सीमेवर आहे. सदस्यत्वाची वर्गणी देशाच्या उत्पन्नगटानुसार कमी-जास्त असते. अशा समितीच्या छोट्या सत्रात वीस माणसे असतात, पण ती वीसही जणे आपण वाचत असलेलेच लेख वाचत असतात. तिथे निबंध वाचण्याइतकेच दुसऱ्याच्या निबंधावर नेमका प्रश्न विचारणे उपयोगाचे ठरते.

पहिले पत्र कसे लिहावे, याविषयी मला ठाम मत आहे. ‘मला आपल्यासोबत काम करण्याची इच्छा आहे’ अशा आशयाची पत्रे प्रत्येक नावाजलेल्या प्राध्यापकाला रोज येतात आणि त्यांना उत्तर देता येत नाही, कारण त्यांत उत्तर देण्याजोगे काही विचारलेलेच नसते. त्याऐवजी असे लिहावे: आपल्या अमुक लेखातील तिसऱ्या तक्त्यात हंगामी स्थलांतर वेगळे काढलेले नाही, मी जनगणनेच्या नमुन्यावर तीच तुलना केली तेव्हा अशी मुले स्थायिक गटात मोजली जाताना दिसली, सोबत एक पानाचा तक्ता जोडला आहे, आपल्या प्रश्नावलीत मुलाच्या वर्षभरातील वास्तव्याचा प्रश्न होता का, आणि असल्यास त्याचे शब्द मला पाहायला मिळतील का? या पत्राला उत्तर द्यायला दहा मिनिटे पुरतात, आणि ते वाचणाऱ्याला समोरच्या माणसाचे काम दिसते. अशा देवाणघेवाणीतून पुढे संयुक्त लेख होतो, मग यजमानपत्र मिळते, मग संयुक्त प्रस्ताव होतो. पीएचडीच्या काळातील समवयस्कांना मात्र विसरू नये. नामांकित व्यक्तीच्या एका ओळीच्या उत्तरापेक्षा आपल्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या विद्यापीठातील सहकाऱ्याने मसुद्यावर केलेल्या खुणा अधिक उपयोगी पडतात.

एकमेकांचे काम तपासण्यासाठी सहकार्य किती गरजेचे आहे, याचा एक चांगला पुरावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फुटबॉलमधील पंच सावळ्या वर्णाच्या खेळाडूंना अधिक वेळा लाल कार्ड दाखवतात का, हा एकच प्रश्न आणि एकच माहितीसंच २९ गटांना दिला गेला. २० गटांना सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने आला असे म्हणता येणार नाही असा, संबंध आढळला, ९ गटांना आढळला नाही. सर्वांनी प्रामाणिकपणे काम केले होते. विश्लेषणाच्या वाटेवर प्रत्येकाने घेतलेले छोटे छोटे निर्णय वेगळे होते. एकट्याने काम करणाऱ्या संशोधकाला आपण असे किती निर्णय घेतले हे कळतही नाही. म्हणून आपल्या विश्लेषणाची फाइल एखाद्या सहकाऱ्याला देऊन त्याच्याकडून तोच तक्ता नव्याने काढून घेणे, हे मी सहकार्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे रूप मानतो. २०१७ मध्ये सुरू झालेले सायकॉलॉजिकल सायन्स ॲक्सिलरेटर हे जाळे हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरते. अनेक देशांतील प्रयोगशाळा एकच अभ्यास एकाच वेळी करतात, आणि लहान विद्यापीठांतील संशोधकांनाही त्यात शिरता येते, मात्र विषय बहुतांशी मानसशास्त्राचे असतात.

विद्यापीठाबाहेरचे सहकारी, म्हणजे शाळा, स्वयंसेवी संस्था, सरकारी खाती, हे आपल्या विषयात टाळता येणारच नाहीत. मुलांपर्यंत पोहोचण्याची वाट त्यांच्याकडूनच जाते. त्यांच्याशी करार करताना एकच कलम सर्वांत महत्त्वाचे: निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार संशोधकाकडे राहील. संस्थेला मसुदा आधी दाखवावा, तथ्यांची चूक दुरुस्त करण्यासाठी तिला ठरावीक मुदत द्यावी, तिचे मत वेगळे असेल तर ते छापावे. पण निष्कर्ष नकोसा आहे म्हणून प्रकाशन थांबवण्याची मुभा कोणालाही देऊ नये. हे कलम सुरुवातीला मागितले तर बहुतेक संस्था मान्य करतात. अहवाल हाती आल्यावर मागितले तर उशीर झालेला असतो.

आता त्या निमंत्रणाविषयी. ‘क्षेत्रीय भागीदार’ या पदाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एका प्रकारात प्रश्न दुसरीकडे ठरतो, प्रश्नावली तयार होऊन येते, आपण माणसे नेमून माहिती गोळा करतो, ती पाठवतो, आणि लेखाच्या तळटीपेत आपले आभार मानले जातात. दुसऱ्या प्रकारात प्रश्न, पद्धत, विश्लेषण आणि लेखन या चारही ठिकाणी आपला हात असतो. पहिल्या प्रकाराविरुद्ध गेल्या काही वर्षांत जगभर स्पष्ट भूमिका घेतली गेली आहे. दक्षिण आफ्रिकेतील सान या मूळनिवासी समुदायाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. २०१८ मध्ये साधनसंपत्ती कमी असलेल्या प्रदेशांतील संशोधनासाठी न्याय, आदर, काळजी आणि प्रामाणिकपणा या चार मूल्यांवर आधारलेली जागतिक संहिता आली आणि युरोपीय आयोगाने ती आपल्या निधीसाठी स्वीकारली. २०२२ मध्ये केपटाऊनच्या जागतिक परिषदेत संशोधन-सहकार्यातील न्याय्यतेवर निवेदन तयार झाले. या दस्तऐवजांचा आपल्याला थेट उपयोग आहे. समोरच्या गटाचा निधीदाता यांपैकी एखादी संहिता मानत असेल, तर आपल्या अटी ही आपली वैयक्तिक मागणी राहत नाही. त्यांच्याच नियमांचे पालन होण्यासाठीची ती सूचना ठरते.

म्हणून होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्यांना लेखी विचारावे: प्रस्ताव निधीदात्याकडे गेला आहे का, की अजून मसुदा आहे? अंदाजपत्रकातील किती वाटा आपल्या विद्यापीठाकडे येईल, आणि त्यात विश्लेषणाचा वेळ धरला आहे की फक्त माहिती गोळा करण्याचा? आपल्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी घेतली जाईल, की त्यांच्या समितीची पुरेशी मानली जाईल? ध्वनिमुद्रणे कुठे राहतील, पाच वर्षांनी ती कोणाला वापरता येतील, आणि ज्या कुटुंबांनी ती दिली त्यांच्याकडे काय परत जाईल? लेखकक्रम कसा ठरेल? शेवटच्या प्रश्नासाठी एक तयार साधन आहे. क्रेडिट या नावाच्या प्रमाणित वर्गीकरणात संकल्पनेपासून लेखनापर्यंत चौदा भूमिका दिलेल्या आहेत. प्रत्येक नियोजित लेखासमोर कोणती भूमिका कोणाची, हे सुरुवातीलाच एका तक्त्यात भरून घ्यावे. अडीच वर्षांनी स्मरणावर विसंबून वाद करण्यापेक्षा हे फार सोपे असते.

यासोबत आपला प्रतिप्रस्ताव जावा. वर्षभरात मूल कोणत्या महिन्यात कुठे राहिले आणि कोणत्या शाळेत गेले, याविषयीचे आपण तयार केलेले प्रश्न त्यांच्या प्रश्नावलीत समाविष्ट व्हावेत. त्या प्रश्नांवर आधारित पहिला लेख आपल्या नेतृत्वाखाली व्हावा. आपल्या विभागातील एका पीएचडी विद्यार्थ्याला प्रकल्पातून अधिछात्रवृत्ती मिळावी आणि त्याला विश्लेषणाचे प्रशिक्षण मिळावे. माहितीसंच प्रकल्पाबाहेरच्यांना खुला होण्याच्या दिवशीच तो आपल्या विद्यापीठाच्या भांडारातही ठेवला जावा. यांतील दोन-तीन गोष्टी मान्य झाल्या तरी हे सहकार्य स्वीकारण्यासारखे आहे, असे मी म्हणेन. एकही मान्य झाली नाही, किंवा ‘हे नंतर पाहू’ असे उत्तर आले, तर नम्रपणे नकार द्यावा आणि जनगणनेच्या तक्त्यावर उभा केलेला आपला लघुप्रकल्प पुढे न्यावा.

हे सर्व करण्याची वेळ फार थोडी असते. अनेक निधीदाते प्रस्तावासोबत भागीदार विद्यापीठाचे सहमतीपत्र मागतात, आणि ते पत्र मिळेपर्यंत समोरच्या गटाला आपली गरज असते. प्रस्ताव दाखल झाल्यावर भूमिका आणि रकमा त्यात छापल्या जातात. निधी मंजूर झाल्यावर त्या बदलायच्या तर निधीदात्याची परवानगी लागते, आणि त्या टप्प्यावर कोणीही ती मागायला तयार नसते. म्हणून सहमतीपत्रावर कुलसचिवांची सही होण्याआधी वरील प्रश्नांची उत्तरे आणि भूमिकांचा तक्ता दोन्ही बाजूंच्या सहीनिशी आपल्या हाती असावेत, आणि त्या तक्त्याची प्रत सहमतीपत्रालाच जोडावी.